वापरलेला फिल्म कॅमेरा घेताय? दुकानात काय तपासायचं आणि कशाला घाबरायचं नाही

वापरलेला फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी मॉडेल ठरवतात, त्याचे चार व्हिडिओ बघतात आणि मग ते मॉडेल कुठल्या डीलरकडे मिळतंय ते शोधत सुटतात. मला हे उलटं वाटतं. हे कॅमेरे आता तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे झालेत, एकाच मॉडेलचे दोन पीस शेजारी ठेवलेत तर एक मस्त चालत असेल आणि दुसरा कपाटात पडून पडून आतून आखडलेला असेल, म्हणून नाव बघून नाही तर समोर ठेवलेला पीस बघून घ्यायचा. आणि एवढ्या जुन्या वस्तूत काहीतरी दोष निघणारच हे मनात धरूनच दुकानात जायचं. दोष आहे का हा प्रश्नच नाही, तो थोडक्यात सुटणारा आहे की कॅमेऱ्याचा निकाल लावणारा आहे एवढंच बघायचंय. हे ओळखता आलं नाही तर माणूस दोन्हीकडून फसतो, किरकोळ गोष्टीला घाबरून चांगला कॅमेरा सोडून देतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारा मेलेला कॅमेरा घरी घेऊन येतो.

घरातून निघायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, मेकॅनिकल हवा की इलेक्ट्रॉनिक. पेंटॅक्स के१००० (१९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता), निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१ हे मेकॅनिकल कॅमेरे. यांच्यात बॅटरी फक्त लाइट मीटरसाठी (उजेड मोजणाऱ्या भागासाठी) लागते, ती संपली तरी शटर चालतच राहतं. कॅनन एई-१ सुद्धा १९७६ चाच, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक, ६ व्होल्टची बॅटरी नसेल तर बटण दाबून काहीच होत नाही. म्हणजे एई-१ वाईट असं अजिबात नाही, छान कॅमेरा आहे, पण आतलं सर्किट गेलं तर नवीन पार्ट कुणी बनवत नाही, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवावा लागतो. पहिलाच फिल्म कॅमेरा घेत असाल तर माझं स्पष्ट मत, मेकॅनिकल घ्या, आणि भरपूर संख्येने बनलेलं साधं मॉडेल घ्या, कारण त्याचे पार्ट मिळतात आणि ते उघडता येणारे कारागीर अजून आहेत. तुमच्या आवाक्यात असा कारागीर कोण आहे हे खरेदीच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं.

सोबत काय न्यायचं? एक छोटा पण झगझगीत टॉर्च, त्या कॅमेऱ्याला लागणारी नवीन बॅटरी (दुकानात असेलच याच्यावर राहू नका), एखादा वाया गेलेला रोल जो घालून फिल्म नीट पुढे सरकते का ते बघता येईल, आणि फोन, ज्यात स्लो मोशन व्हिडिओ निघतो आणि लाइट मीटरचं एखादं अॅप टाकलेलं आहे. बस. आणि वेळ. अर्धा तास तरी शांतपणे बघू देत नसेल असा डीलर असेल तर तिथे घेऊच नका, चांगल्या डीलरला तुम्ही कॅमेरा उलटापालटा करून बघताय याचं वाईट वाटत नाही, उलट तो स्वतःच टॉर्च काढून देतो.

आता बॉडी. आधी बाहेरून बघा, पण रंग उडालाय, कडांना पितळ दिसतंय याकडे नाही, ती वापराची खूण आहे आणि वापरलेला कॅमेरा हा पडून राहिलेल्यापेक्षा बरेचदा चांगला निघतो. बघायचे ते स्क्रू. स्क्रूच्या खाचा चेचलेल्या, घासलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने घरी उघडलाय, आत काय करून ठेवलंय देव जाणे. वरच्या प्लेटच्या कोपऱ्यावर किंवा लेन्सच्या फिल्टर रिंगला चेप असेल तर तो पडलेला आहे, मग फोकस आणि प्रिझम (व्ह्यूफाइंडरमधली काच) जास्त बारकाईने तपासायचं. नंतर बॅटरीचा कप्पा उघडा. जुनी बॅटरी फुटून हिरवा किंवा पांढरा थर जमला असेल तर तो किती आहे बघा, नुसता संपर्काच्या पत्रीवर असेल तर व्हिनेगरने साफ होतो, पण वायरीतून वर चढला असेल तर मीटर कायमचं गेलेलं असू शकतं, आणि इलेक्ट्रॉनिक बॉडीत असं दिसलं तर मी तरी पुढे बघणार नाही.

मागचं दार उघडा. दाराच्या खाचांमध्ये आणि आत आरशाच्या वरच्या कडेला काळा फोम असतो, तो वयाने चिकट डांबरासारखा होतो, बोटाला काळं लागतं. याला लोक फार घाबरतात आणि खरं तर हाच सगळ्यात स्वस्त दोष. फोम काढून नवीन लावणं हे घरी बसून संध्याकाळभरात होणारं काम आहे. फक्त त्यामुळे भाव थोडा खाली यायला हवा एवढंच बोला. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, ओएम-१ सारख्या काही कॅमेऱ्यांत प्रिझमच्या वर सुद्धा फोम असतो आणि तो कुजला की प्रिझमचा चांदीचा थर खातो, मग व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग किंवा रेघ दिसते जी पुसून जात नाही. फोटोवर त्याचा काही परिणाम नाही, पण रोज त्यातूनच बघायचंय तुम्हाला. व्ह्यूफाइंडरमधली साधी धूळ किंवा केस असेल तर सोडून द्या, ती फोटोत येत नाही.

शटर हा जीव आहे कॅमेऱ्याचा, इथे घाई नको. आधी एक सूचना, शटरच्या पडद्याला बोट लावायचं नाही, कधीच नाही. दार उघडं ठेवून लेन्स काढा, फिल्म पुढे नेणारी लिव्हर ओढा, १ सेकंदावर ठेवून दाबा आणि ऐका. आतल्या गिअरचा सलग गर्रर्र आवाज येऊन खटकन बंद व्हायला पाहिजे, मध्येच अडखळला किंवा अर्धवट उघडा राहिला तर आतलं ग्रीस वाळलंय. हे सर्व्हिसिंगने बहुतेक वेळा सुटतं, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरायचा. खरा किती वेळ उघडतंय हे बघायचं असेल तर फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लावून मागून उजेडाकडे शूट करा, १ सेकंदाला साधारण २४० फ्रेम, १/३० ला ८ फ्रेम, १/६० ला ४ फ्रेम शटर उघडं दिसायला हवं, थोडं इकडेतिकडे चालतं. त्यापेक्षा वेगवान स्पीड फोनने मोजता येत नाहीत, तिथे डोळा वापरायचा. १/१००० वर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे (सूर्याकडे नाही) रोखून मागून बघा, क्षणभर पूर्ण चौकट एकसारखी उजळलेली दिसली पाहिजे. एका बाजूला अंधार राहत असेल तर दोन पडद्यांचा मेळ सुटलाय, फोटोतही एक बाजू काळी येणार. हे चार-पाच वेळा करून बघा कारण कधीकधी पहिल्या एक-दोन वेळेलाच चुकतं आणि मग सुरळीत होतं, आणि तेही सांगतं की कॅमेरा बरेच दिवस पडून होता. १/१००० जरा हळू म्हणजे १/७०० सारखं चालत असेल तर निगेटिव्ह फिल्मला काही फरक पडत नाही, ती जास्तीचा उजेड सहज सहन करते, स्लाइड फिल्म (जिच्यावर सरळ फोटोच उमटतो) वापरणाऱ्यांनी मात्र कडक राहावं.

कापडी पडदा असेल तर लेन्स काढून आत टॉर्च टाका आणि मागून अंधारात बघा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (ज्यात लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतात) हे जास्त सापडतं कारण मध्ये आरसा नसतो, लेन्स कॅप न लावता उन्हात ठेवला तर लेन्स सूर्य थेट पडद्यावर एकवटते आणि कापड जळतं. झेनिथ, झोर्की, फेड असे सोव्हिएत कॅमेरे बघत असाल तर अजून एक, त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी लिव्हर ओढायची आणि मगच स्पीड बदलायचा, उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडते, म्हणून डायलला हात लावायच्या आधी विचारा. आणि जुन्या कॅमेऱ्यांचा सेल्फ टायमर दुकानात चालवून बघायचा मोह टाळा, तो अडकला तर शटरच अडकून बसतं आणि तो आपल्याला लागतो तरी किती.

मग वाया गेलेला रोल घाला आणि चालवा. रिवाइंडची खुंटी प्रत्येक लिव्हरबरोबर फिरते का, काउंटर पुढे जातो का, दार उघडल्यावर शून्यावर येतो का. फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर आणि दाराच्या आतल्या प्रेशर प्लेटवर खरवड असेल तर प्रत्येक निगेटिव्हवर आडवी रेघ येणार.

मीटरची गोष्ट वेगळी. बॅटरी घाला, अंधार-उजेड दाखवून सुई हलते का बघा, मग फोनच्या अॅपशी तीन-चार वेगवेगळ्या उजेडात ताडा. सगळीकडे सारखाच एक स्टॉप (म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरक येत असेल तर आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेची, डायल तेवढी सरकवून काम भागतं, पण कधी एक कधी तीन असा लहरी फरक असेल तर त्या मीटरवर विसंबूच नका. जुन्या ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी लागायची, पाऱ्यामुळे ती बंद झाली, आज तिथे १.५ व्होल्टची साधी अल्कलाइन घातली तर रीडिंग चुकतं. श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, ती जवळपास बरोबर बसते, फक्त स्टिकर काढल्यावर काही महिन्यांत संपते. म्हणजे डीलरने दुकानात मीटर चुकतंय म्हणून भाव कमी केला असेल आणि आत अल्कलाइन बॅटरी असेल तर कदाचित दोष मीटरचा नसेलच. सेलेनियमचं मीटर, ते समोर मधमाशीच्या पोळ्यासारखी खडबडीत काच असलेलं, बॅटरीशिवाय चालतं पण मेलं तर मेलं, तो सेल बदलून मिळणं फार कठीण. मीटर बंद असलेला पण शटर उत्तम असलेला मेकॅनिकल कॅमेरा मात्र बिनधास्त घ्या, फोन आहे की हातात, आणि भर उन्हात अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/१६ आणि आयएसओएवढाच शटर स्पीड (आयएसओ १०० ला साधारण १/१००) हा जुना हिशोब आजही बरोबर येतो.

काही दोष त्या त्या मॉडेलचे ठरलेले असतात, ते आधी माहीत असले की दुकानात पाच मिनिटांत कळतं. कॅनन एई-१ आणि त्याच्या भावंडांना शटर दाबल्यावर दम्यासारखी शीळ ऐकू येते, आरशाच्या यंत्रणेतलं तेल वाळलेलं असतं, तेल दिलं की जाते. मिनोल्टा एक्स-७०० अचानक बंद पडतो तेव्हा बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो, बदलता येतो. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये लिव्हर ओढताना टक्क असा एक जड आवाज यायला हवा, नाही आला तर आतला एक छोटा रबरी पॅड कुजलाय आणि एक्सपोजर चुकणार. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या काही कॅनन ईओएस बॉडींत शटरच्या पात्यांवर काळा चिकट थर येतो. निकॉन एफ९० चं मागचं दार हाताला चिकटतं, ते नुसतं दिसायला वाईट, स्पिरिटने पुसलं की झालं. म्हणून तुमच्या मनातल्या मॉडेलचं नाव टाकून त्याचा ठरलेला रोग कोणता ते आधी वाचून जा.

लेन्सकडे लोक कमी बघतात आणि मला वाटतं तिथेच जास्त बघायला पाहिजे, कारण बॉडी दुरुस्त होते, काच होत नाही. अपर्चर पूर्ण उघडा, लेन्स हातात धरून मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा, मग उलट. सरळ टॉर्च मारला तर नवीन लेन्स सुद्धा भयानक दिसते, त्यामुळे धुळीचे चार कण दिसले म्हणून बिचकू नका, धुळीने फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर बुरशी. ती कडेला थोडीशी असेल तर साफ होते, पण बराच काळ राहिली असेल तर काचेचं कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही ठसा राहतो, शिवाय साफ कोण करणार आणि किती घेणार हा प्रश्न आहेच, म्हणून लेन्स फारच दुर्मीळ नसेल तर मी बुरशीवाली घेऊ नका असंच म्हणेन. पूर्ण काचेवर धुक्यासारखा पांढरट पडदा दिसला तर तो हेझ, कधी साफ होतो कधी नाही, आणि उजेडासमोर फोटो फिका येतो. कडेला इंद्रधनुष्यासारखा रंगीत डाग किंवा बुडबुडा असेल तर दोन चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्यात, तिथे खाली ठेवा. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असेल तर तो क्वचितच फोटोत दिसतो, मागच्या काचेवरचा मात्र दिसू शकतो, म्हणून मागची काच जास्त कडक नजरेने बघा. सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ सारख्या काही जुन्या लेन्स पिवळ्या पडलेल्या दिसतील, त्यांच्या काचेत थोरियम आहे, काही दिवस उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवल्या की पिवळेपणा बराच उतरतो, तेवढ्यासाठी सोडू नका.

अपर्चरची पाती बघा. मागची पिन किंवा लिव्हर दाबून सोडली की पाती पटकन मिटली-उघडली पाहिजेत. त्यांच्यावर तेल चमकत असेल आणि ती आळसावून मिटत असतील तर एसएलआरवर (आरशातून, लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यावर) फोटो जास्त उजळ येणार कारण शटर उघडेपर्यंत पाती जागेवर पोचतच नाहीत. फोकस रिंग फिरवा, जड असेल तर ग्रीस वाळलंय, सर्व्हिसिंगचं काम. मध्येच एका जागी अडत असेल तर ठोकर बसलेली आहे. आणि माउंट! लेन्स आणि बॉडी एकमेकांना लागते का हे दुकानातच बसवून बघा. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदललं, जुनी एफडी लेन्स ईओएसवर सरळ बसत नाही. निकॉनच्या एसएलआरचं माउंट १९५९ पासून दिसायला तेच आहे, पण १९७७ च्या आधीची नॉन-एआय (अपर्चर जोडायची जुनी पद्धत असलेली) लेन्स काही नंतरच्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवली तर बॉडीचा अपर्चरचा खटका मोडतो.

रेंजफाइंडर असेल तर व्ह्यूफाइंडरमधला दुहेरी प्रतिमेचा ठिपका स्पष्ट दिसतो का बघा, आणि लेन्स अनंतावर ठेवून लांबच्या इमारतीची कड बघा, दोन प्रतिमा आडव्या-उभ्या दोन्हीकडून जुळायला हव्यात. जुळवून मिळतं, पण ठिपकाच पुसट झाला असेल तर आतला अर्धा आरसा गेलाय. लायका म्हणून सोनेरी किंवा चित्रविचित्र कोरीव काम असलेला जुना कॅमेरा कुणी दाखवला तर सावध, फेड आणि झोर्कीवर लायकाचं नाव कोरलेले नकली पीस बाजारात भरपूर आहेत. मीडियम फॉरमॅटमध्ये (मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत) फिल्मचं मॅगझिन, म्हणजे मागे बसणारा फिल्मचा डबा, वेगळं तपासा, हॅसलब्लाडमध्ये मॅगझिन आणि आतल्या इन्सर्टचे नंबर जुळतात का बघा, नाही जुळले तर फ्रेममधलं अंतर बिघडू शकतं. भात्याचा कॅमेरा असेल तर अंधारात आत टॉर्च घालून कोपऱ्यांवर छिद्रं शोधा. आणि खिशात मावणारे छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे, ऑलिंपस म्यू-२, काँटॅक्स टी२ वगैरे, यांचे फोटो सुंदर येतात हे खरं, पण आत सगळं इलेक्ट्रॉनिक, दुरुस्ती जवळपास नाहीच, म्हणून तिथे परतीची हमी नसेल तर मी सांगेन नको.

डीलरच्या भाषेबद्दल. 'टेस्ट केलेला नाही' असं लिहिलं असेल तर तो बंद आहे असं धरूनच भाव करा. 'चालू आहे' म्हणजे शटरचा आवाज येतो, यापेक्षा जास्त काही नाही. 'फिल्म टाकून तपासलाय' असं म्हणत असेल तर ती निगेटिव्ह दाखवा म्हणा, खरंच तपासला असेल तर असते. 'सर्व्हिस केलाय' म्हणाला तर कधी, कुणाकडे आणि काय काय केलं ते विचारा, पावती असेल तर फारच छान. लांबून मागवत असाल तर बॅटरीचा कप्पा, मागचा फोम, टॉर्च मारलेली लेन्स यांचे फोटो आणि १ सेकंदाच्या शटरचा आवाजासकट व्हिडिओ मागा, हे पाठवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. अनोळखी माणसाऐवजी डीलरकडून घेताना आपण चार पैसे जास्त का देतो, तर परत करता येतं म्हणून. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी परतीची मुदत विचारा, आणि ती रोल काढून, धुवून, बघून होईल एवढी हवी. दोन दिवसांच्या मुदतीचा फिल्म कॅमेऱ्याला काही उपयोग नाही, रोल धुवूनच दोन दिवसांत मिळत नाही. नीट बोललं तर वाढवून देतात. पावतीवर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर, सांगितलेले दोष आणि मुदत, तिन्ही लिहून घ्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी टेस्ट रोल. ताजी निगेटिव्ह फिल्म घ्या, मुदत संपलेली नको, नाहीतर दोष फिल्मचा की कॅमेऱ्याचा कळणार नाही. एकच उजळ दृश्य जमतील तेवढ्या शटर स्पीडवर घ्या, स्पीड बदलाल तसं अपर्चर बदलून एकूण उजेड तेवढाच ठेवा, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह सारख्याच गडद आल्या पाहिजेत, एखादी वेगळी आली की तो स्पीड बिघडलाय. एक फोटो अनंतावर. एक अपर्चर पूर्ण उघडून अगदी जवळून, तिरक्या ठेवलेल्या छापील पानाचा, ज्या ओळीवर फोकस केला तीच ओळ धारदार आली पाहिजे. दोन-तीन उजेडाकडे तोंड करून. मग लेन्स कॅप लावून भरलेला कॅमेरा थोडा वेळ उन्हात फिरवा आणि पुढचे फोटो घ्या. कितवा फोटो काय हे कागदावर लिहून ठेवा, आठवत नाही नंतर.

धुवून आल्यावर स्कॅनवर विश्वास ठेवू नका, स्कॅनर आपोआप उजेड सुधारतो आणि नेमका दोष झाकतो, निगेटिव्हच हातात घेऊन उजेडावर धरा. काळा पट्टा छिद्रांपर्यंत, फ्रेमच्या बाहेर पसरलेला असेल तर उजेड मागच्या दारातून येतोय, म्हणजे फोम, घरीच बदला. डाग फक्त फ्रेमच्या आत असेल तर शटरच्या पडद्यातून किंवा लेन्सच्या बाजूने येतोय, ते गंभीर. फ्रेम एकमेकांवर चढल्या असतील तर फिल्म ओढणारी यंत्रणा गेलेली. फोम आणि एखादा किंचित हळू स्पीड सोडून यातलं काहीही निघालं तर मुदत संपायच्या आत त्या निगेटिव्ह, पावती आणि तुमचा कागद घेऊन दुकानात जा आणि ती फ्रेम उजेडावर धरून डीलरला दाखवा.